प्रश्न पेशंटला, उत्तर पेशंटचं

मानसोपचाराच्या ओपीडीत पेशंटला काहीही विचारलं की उत्तर बहुतेक वेळा नातेवाईक देतात. समोरच्या तरुणाकडे बघून 'झोप कशी लागते?' असं विचारावं, तर शेजारचा भाऊ म्हणतो, 'झोपतोय की आता, गोळ्या चालू केल्यापासनं.' जेवण? 'जेवतोय.' कानात आवाज येतात का अजून? 'न्हाई, कमी हाईत.' त्या भावाची घालमेल मला कळते. त्यानं कामावर खाडा केलेला असतो, पहाटेची एसटी धरलेली असते आणि डॉक्टरांपुढे मिळणाऱ्या थोड्या मिनिटांत काही सांगायचं राहू नये याची त्याला धास्ती असते. पण ज्याच्या कानात आवाज येतात, तो तेवढ्या वेळात एक अक्षर बोललेला नसतो.

मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर मी पहिली नोकरी धरली ती संशोधन समन्वयक म्हणून. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी स्किझोफ्रेनिया आणि त्यासारख्या तीव्र मानसिक आजारांचा दीर्घकाळ चालणारा अभ्यास होता. उपचार नेहमीचे डॉक्टर नेहमीसारखे करणार. आम्ही त्याच माणसांना ठराविक महिन्यांनी पुन्हा पुन्हा भेटून काय बदललं ते नोंदवायचं. अभ्यासाच्या निकषांत कोण बसतं ते पाहणं, संमती घेणं, मुलाखती, रक्ताचे नमुने वेळेत लॅबला पोचवणं, पुढच्या भेटीसाठी फोन, आणि हे सगळं कागदावर असं उतरवणं की पाच वर्षांनी कुणी तपासायला आलं तरी कुणी, कधी, काय लिहिलं ते कळावं. चुकीवर व्हाइटनर लावायचा नाही. खालचं वाचता येईल अशी एक आडवी रेघ, शेजारी बरोबर नोंद, सही, तारीख.

हे सगळं सरावानं येतं. अवघड जातं ते पेशंटचं उत्तर पेशंटकडून मिळवणं. आमच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. टेबलाजवळची नातेवाईक सवयीनं धरत आणि पेशंट भिंतीकडेला बसे. पुढे आम्ही टेबलाजवळची खुर्ची पेशंटचीच असं ठरवून टाकलं आणि नातेवाइकांना आधी वेगळं भेटायला लागलो. त्यांचं पोटभर ऐकून घेतलं की ते आपणहून बाहेरच्या बाकावर जाऊन बसत. त्यांचंही कुणी ऐकलेलं नसतं.

पुढे जे लिहिते आहे त्यात ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

संमतीपासून सुरुवात करते, कारण या कामाचा कणा तोच आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चा. लागू झाला 29 मे 2018 पासून. नुसता आजार आहे एवढ्यावरून माणसाला निर्णय घेता येत नाही असं धरायचं नाही, हे त्यात स्पष्ट आहे. संशोधनासाठीही त्या व्यक्तीची स्वतःची, दबावाशिवाय आणि समजून दिलेली संमती लागते. ज्यांना त्या घडीला समजून घेणं शक्य नाही अशांना आमच्या अभ्यासात घ्यायचंच नाही असं ठरलेलं होतं. ती अवस्था ओसरल्यावर पुन्हा विचारायचं.

समजलं की नाही हे 'समजलं ना?' असं विचारून कळत नाही. त्यावर सगळेच मान हलवतात. माहितीपत्रक सावकाश वाचून दाखवायचं आणि म्हणायचं, 'आता मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा.' चाळिशीच्या एका बाईंना शेजारी भिंतीतून करंट सोडतात याची पक्की खात्री होती. मुलाखतीभर त्या मधूनच भिंतीपासून खुर्ची लांब ओढायच्या. त्यांनी सांगितलं, 'तुम्ही माझ्याशी बोलणार. लिहून घेणार. रक्त घेणार. नको वाटलं तर मी यायचं बंद करणार, आणि तरी डॉक्टर माझ्या गोळ्या बंद करणार न्हाईत.' इतकं नेमकं मला स्वतःला सांगता आलं नसतं. नंतर त्यांच्या यजमानांना विचारलं, तर ते म्हणाले, 'म्हणजे आता ट्रीटमेंट फुकट झाली ना?' मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, तेव्हा त्या बाईच त्यांना समजावून सांगू लागल्या. आजार एका ठिकाणी असतो आणि समज दुसऱ्या ठिकाणी शाबूत असते, हे पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी तेव्हा पाहिलं.

'याचा मला काय उपयोग?' हा प्रश्न हमखास येई. खरं उत्तर असं, की तुम्हाला थेट काहीच नाही. प्रवासखर्च मिळेल, तपासण्यांचे रिपोर्ट मिळतील. उपयोग झालाच तर पुढे कधीतरी, दुसऱ्या कुणाला तरी. हे तोंडावर सांगताना जीभ अडखळते. पंढरपूरच्या बाजूनं दोन गाड्या बदलून आलेल्या माउलीला 'तुमच्या लेकाला यातून काही मिळायचं नाही' असं सांगायचं असतं. मी सांगत राहिले, आणि सांगताना एका अभ्यासाचा आधार वाटत गेला. सातारा, गोवा आणि तमिळनाडूतलं कांचीपुरम इथे स्किझोफ्रेनिया असलेल्या 282 जणांवर झालेला तो अभ्यास 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. दवाखान्यातल्या उपचारांना प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांची घरपोच साथ दिली तर वर्षभरात फरक पडतो का, हा त्यातला प्रश्न. फरक पडला, फार मोठा नाही, पण पडला. ते कळलं कारण साताऱ्यातल्या, गोव्यातल्या कुणीतरी कधीतरी समोरच्या कार्यकर्त्याला 'हो' म्हटलं होतं. हे सांगितलं की काही जण सही करत, काही करत नसत.

'नको' म्हणणाऱ्यांबद्दल आमच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी पहिल्याच आठवड्यात एक नियम घालून दिला होता. तारीख टाकायची, 'नको म्हणाले' एवढंच लिहायचं, कारण विचारायचं नाही. दर महिन्याच्या बैठकीत 'किती झाले?' हा आकडा पडद्यावर यायचा. आमचा स्तंभ ठरल्यापेक्षा बुटका असायचा तेव्हा हा नियम जड जायचा. त्या मात्र कधी ढळल्या नाहीत, आणि त्यांच्यामुळे मीही नाही.

अभियांत्रिकीचं शिक्षण अर्धवट सुटलेला एक मुलगा होता. आई म्हणत होती, 'कर रे सही, मॅडम चांगल्या आहेत.' तो म्हणाला, 'नको.' मी कागद फाइलमध्ये ठेवला आणि 'बरं' म्हणाले. आईनं माझी माफी मागितली. त्याची काही गरज नव्हती. त्यानंतर तो ओपीडीला आला की लांबून मान हलवायचा. पावसाळ्यात एकदा गर्दी कमी होती, तेव्हा शेजारच्या बाकावर येऊन बसला आणि बोलायला लागला. दोन वर्षांत कुणीतरी त्याचं 'नको' ऐकल्याचं ते पहिलंच उदाहरण होतं म्हणाला. पहिल्यांदा दवाखान्यात आणलं ते हात बांधून. गोळ्या घेत नाही म्हणून घरी त्या कुटून आमटीत कालवायला लागले. 'मी डॉक्टरांना सांगायचो, माझ्या जेवणात काहीतरी मिसळतायत. ते लिहायचे, संशय. आणि खरंच मिसळत होते की.'

जेवणातून गोळ्या देणं आपल्याकडे किती घरांत चालतं ते या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे. मला त्या आयांना दोष देता येत नाही. रात्र-रात्र जागणारा, कुणी मारायला येतंय म्हणून घरातून पळून जाणारा मुलगा, दवाखाना तीन तासांवर, आणि हातात गोळ्यांची एक पट्टी. त्या पट्टीनं मूल थाऱ्यावर येतं हेही खरं. या मुलाचा संशय आजारातलाच होता, आमटीच्या आधीपासूनचा. पण ज्याला अन्नात विष असल्याची भीती वाटते त्याला एक दिवस ताटात पांढरी पूड सापडते, तेव्हा आजारानं सांगितलेलं घरच्यांनीच खरं करून दाखवलेलं असतं. पुढे तो गोळीवर, आईवर, डॉक्टरांवर विश्वास कसा ठेवणार? या प्रश्नाला माझ्याकडे साधं उत्तर नाही. गोळी उघडपणे हातात देऊन, नाव सांगून, तोंड कोरडं पडेल, वजन वाढेल, झोप येईल हे आधीच बोलून, महिन्यातून एकदा टोचायच्या इंजेक्शनाचा पर्याय समोर ठेवून जे जमेल ते करत राहायचं, एवढंच मला माहीत आहे. तो मुलगा अभ्यासात कधीच आला नाही. हे लिहिण्याआधी त्याला विचारलं. 'नाव नको, बाकी लिहा,' म्हणाला.

मुलाखतीसाठी आम्ही जी मोजपट्टी वापरायचो तिला सगळे पॅन्स म्हणतात. 1987 पासून जगभर वापरात असलेली. एकूण 30 बाबी, प्रत्येकीला 1 ते 7 गुण. 1 म्हणजे लक्षण नाही, त्यामुळे काहीच त्रास नसलेल्या माणसाचीही बेरीज 30 येते. ती शिकवताना एकाच मुलाखतीचं चित्रीकरण सगळ्यांना दाखवतात, प्रत्येकानं वेगळे गुण द्यायचे आणि मग 'तू 4 का दिलेस, मी 5 का दिले' यावर तासभर चर्चा. दोन माणसांचे गुण जुळेपर्यंत खऱ्या पेशंटपुढे बसायचं नाही. हे शिक्षण मला अतिशय आवडलं. आपल्या मनात उमटलेलं मत आणि समोरच्यानं प्रत्यक्ष सांगितलेलं यांतलं अंतर त्यात दर वेळी उघडं पडतं.

तिच्यातली एक बाब अमूर्त विचार करता येतो का याची आहे. त्यासाठी म्हणींचा अर्थ विचारतात. एका मेंढपाळ काकांना मी विचारलं, 'उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणजे काय?' ते म्हणाले, 'असतोच. डोहाला नसतो.' एवढ्यावर थांबलं तर गुण वर जातात, कारण त्यांनी शब्दशः अर्थ सांगितला. पण औषधांनी आणि आजारानं बोलणं संथ होतं, हे तोवर मला ठाऊक झालं होतं. मी पेन खाली ठेवून थांबले. बराच वेळ गेला. पंख्याकडे बघत ते म्हणाले, 'ज्याला कमी कळतं त्यो लई बोलतो. आवाज बी तसलेच हाईत माझ्या कानातले. लई बोलत्यात, कळत काय न्हाई त्यास्नी.' त्यांच्या आजारपणात भेटलेल्या कुणालाही, मला धरून, त्या आवाजांबद्दल इतकं शहाणपणाचं बोलता आलं नव्हतं. मी त्या बाबीला 1 दिला आणि ते वाक्य समासात जसंच्या तसं उतरवलं. छापील नमुन्यात त्याला रकाना नव्हता.

घरच्यांना आवाज आणि संशय लक्षात येतात. न बोलणं, न अंघोळ करणं, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडणं हे लक्षण वाटत नाही. 'हा आजार हाय का माज?' असं एका वडिलांनी मला विचारलं होतं. मोजपट्टीत या गोष्टींसाठी वेगळ्या 7 बाबी आहेत आणि आज मिळणाऱ्या औषधांनी आवाज जितके कमी होतात तितकं हे कमी होत नाही, असं मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'मी हात उचललाय त्याच्यावर.' अशा वेळी काय बोलायचं ते कुठल्याही प्रशिक्षणात नाही.

माझ्या कामाकडे बघण्याची दिशा बदलली ती मात्र एका साध्या रकान्यामुळे: आजार कधी सुरू झाला? पहिलं लक्षण दिसल्यापासून पहिल्या उपचारापर्यंत किती काळ गेला हे या क्षेत्रात फार महत्त्वाचं मानतात, कारण हा काळ जितका लांबतो तितकं पुढचं सुधारणं अवघड जातं. पण खेड्यातल्या माणसाला तारीख विचारून उपयोग नसतो. आम्ही आपल्या भागाची एक दिनदर्शिकाच केली होती. बेंदूर, गावची जत्रा, ज्वारीची काढणी, 2019 चा महापूर, लॉकडाऊन. 'महापूर आला तेव्हा बरा होता का?' 'व्हता.' 'पोरीच्या लग्नात?' 'लग्नात गडबडला पहिल्यांदा. मांडवात ओरडला.' असं करत करत महिन्यापर्यंत पोचायचं. मग मधे देवऋषी, मग अंगारा, मग एखादी दर्ग्याची वारी, मग 'लग्न करून दिलं की ठिकाणावर येईल' असा सल्ला, आणि शेवटी दवाखाना.

एका घरानं अशीच मांडवातली गोष्ट सांगितली. उपचाराआधीचा काळ साधारण दीड वर्ष भरत होता. मग पेशंट खोलीत एकटा होता तेव्हा मी त्यालाही तेच विचारलं. तो म्हणाला, 'त्याच्या लई आधी. हॉस्टेलला होतो. पंख्यातनं माझं नाव ऐकू यायचं. कुणाला सांगितलं नाही, येडा म्हणतील म्हणून.' दीड वर्षाचा काळ एका वाक्यात जवळजवळ चार वर्षांचा झाला. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्यातली मांडवाआधीची जवळजवळ अडीच वर्षं तो हे एकट्यानं सांभाळत होता, परीक्षा देत होता, मित्रांत हसत होता. बैठकीत त्या नोंदीवर वाद झाला: नातेवाइकांचं धरायचं की पेशंटचं? सर्व बाजूंनी पडताळून त्याचं धरलं गेलं. त्यानंतर हा प्रश्न दोघांना वेगवेगळा विचारायचा असं पक्कं ठरलं. अनेकांच्या बाबतीत तारखा मागे सरकल्या.

आमच्या वहीत आलेली माणसं निदान दवाखान्यापर्यंत पोचलेली होती, हेही विसरून चालत नाही. निम्हान्सच्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीव्र मानसिक आजार असलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोक उपचारांबाहेर आढळले. ते सर्वेक्षण 12 राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यांत नव्हता.

पुढच्या भेटींना माणसं गळतात. कागदावर त्याला एकच शब्द असतो, 'संपर्क तुटला'. प्रत्यक्षात कुणी ऊसतोडीला आलेलं असतं आणि हंगाम संपल्यावर टोळीबरोबर मराठवाड्यात परत गेलेलं असतं. कुणाचा मोबाइल मुलानं नेलेला असतो. कुणाच्या घरी लग्न जमत आलेलं असतं आणि दवाखान्याचा फोन आला हे पाहुण्यांसमोर कळू द्यायचं नसतं. म्हणून आम्ही फोनवर फक्त नाव सांगायचो, रुग्णालयाचं नाव नाही. घरी जाताना ओळखपत्र पर्समध्ये. शेजारणीनं 'कोण तुम्ही?' विचारलं की 'ओळखीतली आहे' एवढंच. टोळीवाल्यांच्या भेटींच्या तारखा पुढे आम्ही हंगाम बघून ठरवायला लागलो.

क्लोझापिन चालू असलेल्या एका मुलीची आई मात्र एकही खेप चुकली नाही. या औषधानं क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात, म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं असतं. बाकी औषधांना दाद न देणाऱ्यांसाठी याच्याइतकं चांगलं औषध नाही, आणि ते मिळवायची किंमत ही अशी आठवड्याच्या आठवड्याला मोजायची. त्या बाईंचा मजुरीचा एक दिवस दर आठवड्याला बुडायचा.

शरीराचं दुखणं या माणसांच्या तोंडून कुणाला ऐकूच जात नाही. एक गृहस्थ 'पाय जळतात' म्हणायचे. घरच्यांना वाटायचं, आवाजांसारखंच काहीतरी. अभ्यासात प्रत्येकाची उपाशीपोटी साखर तपासायची होती म्हणून तपासली, ती भरपूर वाढलेली निघाली. त्याच दुपारी त्यांना मेडिसिन विभागात नेऊन बसवलं. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि बहुतेक जातात ती हृदयविकारासारख्या टाळता येण्याजोग्या कारणांनी. आमच्यातलेही एक गेले. पुढच्या भेटीसाठी फोन केला तर भाऊ म्हणाला, 'गेला तो. छातीत दुखतंय म्हणत होता दोन दिवस.' आमच्या नियमाप्रमाणे 24 तासांत नीतिशास्त्र समितीला कळवायचं असतं. मी फॉर्म भरला, कारणाच्या रकान्यात भावाचे शब्द लिहिले. 'दोन दिवस सांगत होता' हे त्यात लिहायचं राहू दिलं नाही.

अभ्यासाचा पहिला टप्पा संपला तेव्हा निष्कर्ष साध्या मराठीत एका पानावर लिहून आम्ही सहभागी लोकांना बोलावलं. बरेच आले. करंटवाल्या बाई पुढच्या रांगेत होत्या. एका तरुणानं उठून विचारलं, 'तुम्ही आवाज किती येतात ते दर वेळी विचारलं. ते काय म्हणतात ते कुठं लिहिलंय?' डॉक्टरबाईंनी खरं ते सांगितलं, की समासांत विखुरलेलं आहे, निष्कर्षांत नाही.

सध्या ज्या अभ्यासावर मी आहे त्याची प्रश्नावली समितीकडे जाण्याआधी हा आजार भोगलेल्या काही जणांसमोर जाते. त्यांना बैठकीचं मानधन मिळतं. पहिल्या बैठकीत त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. मुलाखतीची खोली इंजेक्शनच्या खोलीशेजारी नको. भेटीचा दिवस औषधवाटपाचा नको, कारण रांगेत नंबर जातो. आणि मुलाखतीत आपल्याबद्दल काय लिहिलं ते त्याच दिवशी वाचायला मिळावं. खोली बदलली. दिवसही बदलला. तिसऱ्या मागणीवर समितीत अजून एकमत नाही. वाचून कुणी अधिक घाबरेल असं काहींना वाटतं, आणि ती भीती निराधार नाही. माझं मत वाचू द्यावं असंच आहे, आणि मी ते लेखी दिलं आहे.